खळ्यावरची घोडी

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, उभा जन्म वरातीला घोड्या दिल्या. आमचं गाव धारूरच्या घाटाखाली. दिंद्रुडपर्यंतचे किती नवरदेव आमच्या घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडून आले असतील, त्याला गणती नाही. बँडच्या पुढं उभं राहून राहून त्या घोड्यांचे डोळे कसे विझून जातात, ते मी लहानपणापासून बघत आले. आबांनाही ते दिसत असणार. कारण आमच्या म्हाताऱ्या घोडीला शेवटचं शिंगरू झालं, तांबूस अंगाचं, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, तेव्हा ते म्हणाले, "हिला वाजंत्रीफुडं न्यायची न्हाई. हिला परदर्शनात उभी करायची."

शिंगरू तीन वर्षांचं झालं आणि आबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. प्रदर्शन दोन महिन्यांवर होतं.

मी लातूरला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. बिनपगारी रजा टाकून घरी आले ती आबांसाठी, घोडीसाठी नाही. पण आल्या दिवशी त्यांच्या खाटेजवळ बसले, तर ते माझ्याकडं बघायच्या आधी ओसरीवरून गोठ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "आबा, मी करते तिचं. जमंल तसं." त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या आजारात असं उगीचही येतं. मी तरीही ते मनावर घेतलं.

धारूरचे एक नालबंद चाचा आबांचे जुने दोस्त. पंचाहत्तरीचे, पाठीत वाकलेले, पण घोड्याचा पाय उचलला की हात थरथरायचा थांबायचा. त्यांनी मला घोडीचं खाणं लावून दिलं. सकाळी भिजवलेला हरभरा, तोही बेतानं. दुपारी भरडलेला सातू आणि गव्हाचा कोंडा. सांजच्याला शिजवलेलं जवस, त्यात गुळाचा खडा नि चिमूटभर मीठ. कडबा बारीक तोडून, धूळ झटकून. "बेटा, घोड्याचं पोट लई नाजूक," ते म्हणाले. "जनावर एवढं मोठं, पण पोटात दुखलं तर एका दिवसात जातं. रोज लीद बघत जा."

ते काम मला येत होतं. दुसऱ्याच्या अंगातून निघालेलं तपासायचं, हाच माझा धंदा. दोन वेळा खरारा करायचा, खूर कोरून घ्यायचे, आयाळ विंचरायची. पंधरा दिवसांत घोडीच्या पाठीवर तेल ओतल्यासारखी चकाकी आली. राहिलं होतं ते शिकवणं. प्रदर्शनात तिला माणसाबरोबर दोरावर चालावं लागतं, पळावं लागतं आणि सांगितलं की चारी पायांवर सारखं उभं राहावं लागतं. आबा तिला गोठ्यामागच्या जुन्या खळ्यावर लांब दोर लावून गोल फिरवायचे. त्या खळ्यावर पूर्वी ज्वारीची मळणी व्हायची. पुढं यंत्रं आली, ज्या खांबाभोवती बैल फिरायचे ती मधली मेढ उपटून टाकली, आणि दगडासारखी टणक, गोल जमीन तेवढी राहिली.

पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. मी हरभरा निवडत मागच्या दारात बसले होते. घोडी खळ्यावर मोकळी होती. तिच्या तोंडाला मोहोरकीसुद्धा नव्हती. ती गोल चालत होती. जनावर मोकळं फिरतं तसं हुंगत, थांबत नाही; एका मापानं, एका लयीत, खळ्याच्या कडेकडेनं. पाच-सहा फेऱ्यांनंतर ती थांबली, आतल्या बाजूला वळली आणि उलट्या दिशेनं चालू लागली. मग दुडक्या चालीनं पळाली. मग पुन्हा चालली. शेवटी मध्ये आली आणि मान खाली करून उभी राहिली, कपाळावर कुणी हात ठेवावा तशी. पांढरा पट्टा दोन-तीनदा वरखाली झाला. कान ढिले पडले.

मी स्वतःला सांगितलं, सवय. आबांनी दोन वर्षं याच वेळेला फिरवली, तिला सवय लागलीय.

दुसऱ्या दिवशी तीनला तेच. तिसऱ्या दिवशीही. दिशा बदलायच्या आधीच्या फेऱ्या मात्र रोज वेगळ्या असायच्या. कधी चार, कधी नऊ. सवय असती तर त्या सारख्या राहिल्या असत्या. चौथ्या दिवशी मी चुलीतली राख चाळून खळ्याच्या मधोमध पसरली आणि दारात बसून राहिले. घोडीनं फेऱ्या मारल्या, मध्ये आली आणि राखेच्या अगदी कडेला पाय जुळवून थांबली. मान पुढं केली. नंतर मी जाऊन बघितलं. राख तशीच होती, चाळणीतून पडली तशी. तिच्यावर चिमणीचा पायसुद्धा उमटला नव्हता.

मी ओसरीवर आले तर आबा जागे होते. त्यांच्या खाटेवरून खळ्याचा अर्धा भाग दिसतो. त्यांचा डावा हात गोधडीवर होता आणि बोटं हलत होती. तळहाताकडं वळायची, सुटायची, पुन्हा वळायची, दोर आत घेतल्यासारखी. ओठांतून बारीक आवाज येत होता, घोड्याला करतात तसा, च्च, च्च. कपाळ घामानं डवरलेलं होतं.

मी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू यायच्या आधीपासनं चाललंय. रोज तीनला."

"मला कावून सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? ते हितं पडल्यात आन् घोडी तिकडं फिरतीय, हे सांगू?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "त्येंच्या हातात तेवढंच ऱ्हायलंय. फिरवू दे."

मग मलाही तसंच वाटायला लागलं. त्यात भीतीपेक्षा माया जास्त होती. माणसाचं अंग खाटेला खिळलेलं, पण जीव खळ्यावर उभा. लॅबमधल्या कुणाला मी हे सांगितलं नसतं, पण घरात राहून ते पटत गेलं.

चाचा नाल ठोकायला आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम तीनपर्यंत थांबवलं. चहाचा कप हातात घेऊन ते माझ्याशेजारी उभे राहिले. घोडी चालू लागली. दोन फेऱ्या त्यांनी बघितल्या आणि कप हळूच दगडावर ठेवला.

"तिची मान बघ," ते म्हणाले.

मी बघितलं. एवढे दिवस मी तिचे पायच बघत होते. मान आतल्या बाजूला किंचित ओढलेली होती, दोर ताणलेला असला की असते तशी. मोकळं जनावर तशी मान धरत नाही.

"आबा करतेत, चाचा," मी म्हटलं, आणि त्यांना हाताचं, आवाजाचं सगळं सांगितलं.

त्यांची नजर घोडीवरच होती. मग म्हणाले, "तुझ्या बापाचा हात मला ठाऊक हाय. त्यो दोर ढिला ठिवतो. हा हात कडक हाय." निघताना फक्त एवढं म्हणाले, "तू खायला घाल, बेटा. पण ती फिरत असताना मधी जाऊ नको."

मी तरी गेले. प्रदर्शनाला दहा दिवस उरले होते. दोर माझ्या हातात असणार, तर घोडीनं मला ओळखायला नको का? तीनला मी मोहोरकी आणि दोर घेऊन खळ्यावर चढले आणि मधोमध जाऊन उभी राहिले. घोडी चालता चालता थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं होती, माझ्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. कान तिकडंच टवकारलेले. मला थंडी वाजली नाही, कुणाचा श्वास जाणवला नाही. एवढंच वाटलं की अरुंद बोळात मी कुणाची तरी वाट अडवून उभी आहे आणि तो माणूस मी बाजूला व्हायची वाट बघतोय.

"सरकते," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते आपोआप आलं. मी कडेला आले आणि घोडी पुन्हा चालू लागली.

त्यानंतर मी सकाळी रस्त्यावर तिला दोरानं चालवायची. ती सगळं करायची, थांब म्हटलं की थांबायची, पाय जुळवायची. त्यातलं मी तिला काहीच शिकवलेलं नव्हतं.

प्रदर्शन नांदूरघाटच्या अलीकडं एका मोकळ्या माळावर होतं. पहाटे तिला कोमट पाण्यानं धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, खुरांना करडीचं तेल लावलं, शेपूट मोकळी सोडली. खाणं निम्मंच दिलं, कारण भरल्या पोटी टेम्पोत चढवू नये असं चाचांनी बजावलं होतं. ते माझ्याबरोबर आले. आई आबांपाशी थांबली.

माळावर लाऊडस्पीकर, पिपाण्या, शेकडो माणसं. पहिल्यांदाच बाहेर पडलेली घोडी बिथरणार म्हणून मी दोर मनगटाला दोन वेढे देऊन धरला. ती बिथरली नाही. आमचा नंबर पुकारला, आम्ही रिंगणात शिरलो आणि मला कळलं की दोर माझ्या हातात नुसता लोंबतोय. घोडी चालत होती, पळत होती, वळत होती, आणि मी तिच्या बाजूनं धावत होते. मी काही सांगायच्या आत तिचं ते करून झालेलं असायचं. मान आत ओढलेली होती. माझ्याकडं नाही, दुसऱ्या अंगाला. परीक्षकांसमोर ती चारी पायांवर उभी राहिली आणि शेजारच्या मोकळ्या जागेपुढं तिनं कपाळ वाकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मी सलाम करायला शिकवलाय.

फेटा बांधलेले एक म्हातारे परीक्षक जवळ आले. त्यांनी तिचे दात बघितले, पायावरून हात फिरवला आणि विचारलं, "हिला तयार कुणी केली?"

"माझ्या वडलांनी. ते घरी असतेत. लकवा झालाय."

त्यांनी माझ्या हातातल्या दोराकडं बघितलं. "तुमच्यावर ध्यान न्हवतं तिचं," ते म्हणाले. "पर कुणावर तरी व्हतं." आणि पुढच्या घोड्याकडं गेले.

दुसरा नंबर आला. रिंगणाबाहेर येताच मी आईला फोन लावला. आबा दमले असतील, घामानं भिजले असतील, त्यांना आधी पाणी पाज, हे मला सांगायचं होतं.

"झोपलेत," आई म्हणाली. "तुमी गेल्यापासनं गाढ झोपलेत. लई दिसांनी अशी झोप लागलीय."

"हात हालत होता का?"

"न्हाई. हातबी न्हाई आन् तोंडबी न्हाई. मी हितंच बसलीय."

मी फोन खाली घेतला. चाचा घोडीच्या अंगावरचा घाम निपटत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते आधीच ठाऊक होतं, आणि मग ते घोडीच्या त्या दुसऱ्या बाजूनं न जाता लांबून वळसा घालून आले.

त्या दिवसानंतर घोडी तीनला फिरली नाही. खळ्यावर मोकळी सोडली तर इतर कुठल्याही घोडीसारखी कडेचं गवत ओरबाडायची.

आबांची वाचा हळूहळू परत आली. आधी आईला हाक, मग पाणी, मग अर्धी वाक्यं. मी महिन्यातून दोनदा यायची. उन्हाळ्यात एकदा त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. मी म्हटलं, "आबा, तुमीच फिरवत होतात ना तिला? हितनं?"

त्यांना माझं म्हणणं कळेना. मी डावा हात पुढं करून त्यांची बोटं वळायची तशी वळवून दाखवली. मग त्यांना कळलं.

"फिरवत न्हवतो," ते म्हणाले. एकेक शब्द वेचून काढावा लागत होता. "बोलवत व्हतो. हिकडं ये, म्हनून."

"कुणाकडनं हिकडं?"

त्यांनी खळ्याकडं बघितलं. "मला दिसायचा. वराडता येत न्हवतं."

"कोण होतं, आबा?"

"पाठमोरा असायचा," ते म्हणाले. "रोज. एकदाबी वळला न्हाई."

शेजारी ज्वारी पाखडत बसलेल्या आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. फिरवू दे, असं तीच म्हणाली होती, आणि मीही. दोन महिने आबा आमच्या डोळ्यांदेखत घामाघूम होऊन मदत मागत होते आणि आम्ही कौतुकानं बघत बसलो होतो. त्याची बोचणी मला त्या पाठमोऱ्या माणसाच्या भीतीपेक्षा जास्त लागून राहिली.

आम्ही खळं मोडलं. ट्रॅक्टरला ती जमीन फोडायला एक अख्खी दुपार लागली. खाली काही निघालं नाही, दगड आणि मुरूम. आता तिथं लसूणघास आहे, चांगला उगवतो.

घोडीला मी पुन्हा पहिल्यापासून शिकवतेय, रस्त्यापलीकडच्या पडीक रानात. सुट्टीला येते तेव्हा सकाळी, उन्हं चढायच्या आत. ती दोर ओढते, मध्येच थांबते, एकदा माझ्या पायावर पाय दिला. यंदाच्या प्रदर्शनात आमचा नंबर आला नाही. आबा कडेला खुर्ची टाकून बसतात आणि डाव्या हातातली काठी आपटून एवढंच सांगतात, "हात खाली ठिव. खाली. तिला बघू दे तू कुठं हायेस."