सोनं शोधणारी दोन यंत्रं

"अहो, तिथं नाही, भिंतीच्या बाजूला पुरली होती!" बायको गॅलरीतून ओरडत होती आणि मी सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर दोन हातांत दोन मेटल डिटेक्टर घेऊन उभा होतो. खाडीकाठी जुनी नाणी शोधायचा नाद मला आणि मेव्हण्याला लागला होता. वाशीच्या दुकानदाराने दोन यंत्रं दिली होती, वापरून बघा, आवडेल ते ठेवा म्हणून. मेव्हणा म्हणाला, "दाजी, परीक्षा घ्यायची तर सोन्यावरच घ्या!" मग बायकोने कुरकुरत काढून दिलेली साखरपुड्याची अंगठी पुरली. खूण ठेवली तर परीक्षा कसली, म्हणून खूणही ठेवली नाही. पण ही जमीन म्हणजे डेब्रिजचा भराव, हे डोक्यातच आलं नाही. महागडं यंत्र पावलापावलाला असं बोंबलायचं की पार तिकडे तळोज्याची कुत्री भुंकली असतील. स्वस्त यंत्राने मौनव्रत धरलेलं. सळया निघाल्या, खिळे, बिजागऱ्या, खिडकीची अख्खी जाळी. आणखी खणलं असतं तर त्यातून बिल्डिंग उभी राहिली असती. ऊन उतरलं, कंबर मोडली, मेव्हणा "टेन्शन नका घेऊ" म्हणत सटकला. आजही गंजाचा वास आला की माझे खांदे भरून येतात. प्लॉटवर आता टॉवर आहे आणि अंगठी त्याच्या पोटात. त्या संध्याकाळी दोन्ही यंत्रं दाराशी टेकवून मी विचारलं, "यातलं कुठलं ठेवू गं?" मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "ज्याला अंगठी सापडली ते."