कोटासाठी मांजर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार दिग्रसच्या शिंपीचाचांचे आहेत. आमच्या तांड्यावर शाळा नव्हती. माझ्या वडिलांनी, बापूंनी, मला दिग्रसला आणलं, तेव्हा चाचांनी दुकानात झोपायला जागा दिली आणि मॅट्रिक होईपर्यंत ती परत मागितली नाही. मी बी. ए. झालो, आमच्या तांड्यातला पहिलाच, तेव्हा त्यांनी माप न घेता माझ्यासाठी काळा कोट शिवला. तो अंगाला नीट बसला.

तो कोट घेऊन मी राळेगावला मास्तर म्हणून आलो. नव्या महाराष्ट्राला एक-दोन वर्षं झाली असतील. माझ्या खोलीला लागून सरकीचं गोदाम होतं, आणि गोदामातले उंदीर माझी खोली स्वतःचीच समजत. साबण गेला, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांचे कोपरे गेले. माझ्या पत्र्याच्या पेटीचा तळ गंजला होता. भोकात चिंध्या कोंबल्या, त्या त्यांनी ओढून काढल्या. शेवटी कोट खुंटीला टांगला.

त्याच सुमारास चाचांचं पत्र आलं. धाकट्या मुलीचा निकाह ठरला होता. ‘बारात येईल तेव्हा दारात तू उभा राहा. तोच कोट घालून ये. लोकांना पाहू दे.’

म्हणून मी मांजर आणायचं ठरवलं. मी स्वतः कधी मांजर पाळलं नव्हतं, चाचांच्या दुकानात एक होती तेवढीच पाहिलेली, पण पदवीधर माणसाने विचार करून निवडावं असं मला वाटलं. शाळेच्या कपाटात पाळीव प्राण्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. मधल्या सुट्टीत मी त्यातल्या मांजरांच्या जाती वाचत बसलो. शाळेचा शिपाई खांद्यावरून डोकावला.

“सर, मांजरीची जात कायले पाहून राह्यले? सोयरीक कराची हाय का?”

सगळे मास्तर हसले. मी पुस्तक मिटलं नाही.

घरमालकीण आजींच्या गोठ्यात मांजर व्याली होती. एक करड्या पट्ट्यांचं पिल्लू मला आवडलं. मी हात पुढे केला, तर आजी ओरडल्या.

“मास्तर, थांबा! मांजरीनं पिलायले सात घरं दाखोल्याबिगर पिल्लू उचलत नाही. आता कुठं दुसरं घर हाय.”

“पण आजी, उंदीर थांबतील का?”

“तुमी थांबा. उंदरायले मी काय सांगू?”

मी थांबलो. मांजरीने पिलं कुडाच्या सांदीत नेली, मग गोठ्याच्या मातीच्या धाब्यावर, मग कुठे ते कोणालाच दिसेना. आजी बोटं मोजत आणि मला “चौथं झालं” म्हणून सांगत. इकडे एका सकाळी कोटाच्या खिशाची शिवण उसवलेली दिसली. खुंटीवरही ते चढले होते. माझा धीर सुटला.

ओव्हरसियरच्या बंगल्यात एक पांढरीशुभ्र, लांब केसांची, निळ्या डोळ्यांची मांजर होती. हुबेहूब पुस्तकातली. ओव्हरसियरच्या बाई म्हणाल्या, “असली पर्शियन आहे. न्या तुम्ही.” इतक्या चटकन त्यांनी ती का दिली, हा विचार मला करायला हवा होता. मी तर पिशवीत घालून मिरवत आणली.

ती दूध प्यायली, खोलीभर हिंडली, उडी मारून कोट खाली ओढला आणि त्यावर झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी कोट टांगायचा, तिने ओढायचा. काळ्या कापडावर पांढरे केस चिकटले ते ओल्या फडक्यानेही निघेनात. उंदीर तिच्या पाठीमागून जात आणि ती पंजा चाटत राही. मी तिला हाका मारल्या, रागावलो, एक दिवस दूधही बंद केलं. काही नाही.

एकदा शेजारी परात दणकन पडली. मी दचकलो. तिने मानही वळवली नाही. मी तिच्यामागे जाऊन टाळ्या वाजवल्या, मग तांब्या आपटला. तेव्हा कळलं.

शाळेत हे सांगितलं तर शिपाई म्हणाला, “जात पाह्यली सर, कान नाही पाह्यले!”

त्या संध्याकाळी खोलीवर आलो तर ती कोटाच्या बाहीवर झोपली होती आणि दुसऱ्या टोकाला उजवा खिसा नव्हता. अस्तराच्या चिंध्या भिंतीतल्या बिळापर्यंत पसरल्या होत्या. मला रडूच आलं. मग मी चाचांना लिहिलं:

‘चाचा, सलाम. निकाहला येतोच आणि दारातही उभा राहतो. पण कोट उंदरांनी खाल्ला. उजवा खिसा आणि आतलं अस्तर गेलं. बाकी कापड शाबूत आहे, पांढऱ्या केसांनी भरलेलं. दोन दिवस आधी कोट घेऊन येतो. लग्नघरात तुम्हाला फुरसत नसेल, तरी थोडा वेळ मशीनवर बसा. दुसऱ्या कोणाच्या हातात तो द्यायला मन होत नाही. दुकानातल्या मांजरीला पिलं झाली असली तर एक माझ्यासाठी ठेवा. रंग कोणताही चालेल, फक्त मागून टाळी वाजवून पाहा. इथे आणलेली बहिरी निघाली, पण परत केलेली नाही. कोट आता आजींकडे ठेवला आहे, म्हणून ती माझ्या पांघरुणावर झोपते.’