ठिपक्यांतली माणसे

वर्ध्याच्या दवाखान्यात आईला ऑपरेशनसाठी आत नेले, तेव्हा बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी साठीतले एक गृहस्थ बसले होते. त्यांची बायकोही आतच होती. ते रिपोर्टच्या पाकिटामागे पेनाने नुसते ठिपके देत होते. नीट पाहिले, तर त्या ठिपक्यांतून आमचाच व्हरांडा उमटत होता. डबे घेऊन बसलेल्या बाया, भिंतीला टेकलेली माणसे, कडेवरची लेकरे, अशी दाटीवाटीने पन्नासेक तरी डोकी होती.

"रेघा का नाही मारत, काका?" मी विचारले.

"रेघ माराले गेलो तं हात कापते, बाई. एका ठिपक्यापुरता थांबते."

माझे हात मी मांडीखाली दाबून धरले होते.

"काकू कुठे आहेत यात?"

पेन थांबले. "तिले नाई काढलं. काढलं अन् तिकडं काही झालं तं?"

दार वाजले की आम्ही दोघेही दचकायचो. दुपारी नर्सने त्यांना हाक मारली, तेव्हा त्यांना उठताच येईना. मी दंडाला धरून त्यांना दारापर्यंत नेले. आतून क्षीण आवाज आला, "जेवले का तुमी?"

चौकट धरून काका हुंदके देऊन रडले आणि आत गेले.

आई तासाभराने सुखरूप बाहेर आली. पण तो एक तास आधीच्या सगळ्या वेळेपेक्षा मोठा होता. घाबरायलाही शेजारी कोणीतरी लागते.