वन्सं शिकायला निघाल्या

आमच्या जिल्ह्यात असं एकही जुनं देऊळ नसेल, जिथून माझ्या नणंदेला निदान एकदा तरी हाकलून दिलेलं नाही. नगरचं अहिल्यानगर झालं, पण वन्संना हाकलायची रीत काही बदलली नाही. आधी पुजारी नाहीतर कमिटीचा माणूस हात जोडून "बाई, या आता" म्हणतो, मग हात न जोडता म्हणतो, आणि तिसऱ्या वेळी माझ्याकडे वळून विचारतो, "ताई, तुमच्यासंगं आल्यात का ह्या?" तीस वर्षांत या प्रश्नाला "नाही" म्हणायचा मोह मी किती वेळा आवरला, ते माझं मला ठाऊक. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. संगमनेरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली आणि राहिल्या आमच्याच घरी, वरच्या खोलीत. मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, 'हिला वन्सं म्हणायचं आणि अहोजाहो करायचं.' सासूबाई गेल्या, अहोजाहो राहिलं. मी भांडतेसुद्धा 'तुम्ही' म्हणूनच. त्या मात्र मला पहिल्या दिवसापासून अगंतुगं करतात.

वन्संचं पहिलं वैर ऑईलपेंटशी. काळ्या दगडाचं चांगलं देऊळ असतं, कुणाला तरी नवस पावतो आणि देऊळ पिस्त्याच्या रंगाचं होतं, खांब गुलाबी होतात, खांबांवरच्या यक्षांना काळ्याभोर मिशा फुटतात. हे दिसलं की वन्संच्या कपाळावरची शीर ताठ होते. कर्जतकडच्या एका गावानं एकदा जीर्णोद्धाराच्या कार्यक्रमाला त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं, कारण तिथल्या सरपंचांची सून त्यांची विद्यार्थिनी. मी सोबत होते. कमिटीनं जुन्या भिंतींना सिमेंट थापून वर न्हाणीघरातल्यासारख्या टाइल्स लावल्या होत्या. वन्सं माइकपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षीपर्यंत हे देऊळ आठशे वर्षांचं होतं. आज ते एक वर्षाचं झालं. बाळाला माझे आशीर्वाद." एवढं बोलून खाली बसल्या. टाळ्या पडल्या, कारण लोकांना ती स्तुतीच वाटली. ती स्तुती नव्हती हे कमिटीला उमगेपर्यंत पंगत बसली होती. भरल्या ताटावरून कुणी उठवलं नाही, पण आमच्या ओळीत बुंदी काही दुसऱ्यांदा आली नाही.

दुसरी खोड धुण्याच्या दगडांची. वन्संचं म्हणणं असं की पडलेल्या देवळांचे अर्धे दगड आपल्या लोकांनी पायऱ्यांना लावले आणि उरलेल्या अर्ध्यांवर धुणं धुतलं. त्यामुळे कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी त्या परसात जातात आणि धुण्याचा दगड उलटा करून बघतात. माझ्या लेकीसाठी घर बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. आम्ही बैठकीत पोह्यांच्या बशा घेऊन, चेहऱ्यावर जेवढी आणता येईल तेवढी सभ्यता आणून बसलेले, आणि परसातून आरोळी आली, "वहिनी, पहार आण!" परक्याच्या घरात मी पहार कुठून आणणार? मुलाच्या वडिलांनीच आणली. दगड उलटला तर खालून खरोखरच अर्धं कमळ निघालं. लग्न जमलं. व्याही अजून तो दगड तुळशीजवळ मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, आणि तुमच्या नणंदेमुळे वॉशिंग मशीन घ्यावं लागलं, असं विहीणबाई मला दर भेटीत ऐकवतात.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. मग तिसगावचं प्रकरण झालं.

तिसगावच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर एक वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसासाठी उभा केलेला कोरीव दगड. हा माणूस कोण, कुणाला ठाऊक नाही. ज्यांचं शेत आहे ती मंडळी त्याला 'बाबा' म्हणतात आणि दर अमावस्येला शेंदूर लावतात. कित्येक पिढ्यांच्या शेंदरानं त्या दगडाचं नुसतं लाल गाठोडं झालं होतं, आणि वर कुणीतरी हौसेनं ऑईलपेंटही चढवलेला. वन्संनी त्या घरच्या अक्कांना गळ घातली. अक्का आमच्याच वयाच्या, सगळी शेती स्वतः बघणाऱ्या. "आत फार देखणा वीर कोरलेला असणार, अक्का. मोकळा केला तर तुमचा बाबा तुम्हाला दिसेल तरी," असं वन्संनी दोनतीन खेपा सांगितलं. शेवटी अक्का म्हणाल्या, "तुमी शिकल्यासवरल्याल्या बाई. तुमाला कळतंय तसं करा."

मी बाभळीच्या सावलीत बसून बघत होते. वन्संनी रंगाच्या दुकानातून आणलेलं थिनर ओतलं, तारेच्या ब्रशनं घासलं, जिथं निघेना तिथं छिन्नी लावली. दोन तासांत खाली घोड्याचा पाय दिसला, मग ढाल दिसली, तलवारीची मूठ दिसली. दर वेळी वन्सं मला ओरडून सांगत होत्या, जणू मला दिसतच नव्हतं. मग डोक्यावरचं जाड पुट एकदम सुटून आलं आणि त्याच्याबरोबर दगडाचं सालपटही आलं. पुटाच्या आतल्या बाजूला चेहरा चिकटलेला होता. वन्सं ते हातात धरून उभ्या राहिल्या, आणि बघता बघता त्यांच्या बोटांत त्याचा भुगा झाला. तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या. दगडाकडे बघून म्हणाल्या, "बाई, बाबाचं तोंड कुठंय?"

कुणी आरडाओरडा केला नाही. अक्कांनी चहा कपांत ओतला, आम्हाला दिला, आणि उन्हाचं निघू नका असंही म्हणाल्या. पुढच्या अमावस्येला त्यांच्या मालकांनी दगडाला पुन्हा शेंदूर लावला आणि वर नगरहून आणलेले पितळी डोळे बसवले. जिथून तिथून हाकलून दिलेल्या वन्संना तिथून मात्र कुणी हाकललं नाही, आणि नेमकं तेच त्यांना सोसलं नाही. त्यानंतर वर्षभर त्या कुठल्याही देवळात कुणाला अवाक्षर बोलल्या नाहीत. पिस्ता रंगाचा गाभारा बघूनही गप्प. कुणाच्या परसात गेल्या तरी दगडाला पाय लागू नये म्हणून लांबून जायच्या. मी ज्यांना तीस वर्षं 'जरा गप्प बसा हो' म्हणत आले, त्या गप्प बसल्या तर मला घरात करमेना.

एक दिवस सकाळी चहा घेता घेता त्यांनी सांगितलं, "मी शाळेचा राजीनामा दिलाय. मला शिकायचंय." वारसा-जतनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. वन्संचं वय तेव्हा चोपन्न. माझे यजमान म्हणाले, "अगं, या वयात पदवी घेऊन तू करणार काय?" वन्संनी कपातलं उरलेलं संपवलं आणि म्हणाल्या, "दादा, मी जे केलं, ते कुठं चुकलं एवढं मला कळायला हवं. नाहीतर मला मरता यायचं नाही." यजमानांनी पेपर तोंडापुढे धरला. तो त्यांनी नंतर बराच वेळ उलटला नाही.

मग महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर भाजीला जागा नव्हती. सगळीकडे महाविद्यालयांची गुळगुळीत माहितीपत्रकं, आणि प्रत्येकावर हेल्मेट घातलेली, हातात ब्रश घेतलेली हसरी पोरं. वन्सं एकेक नंबर फिरवायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "तुमच्याकडे विद्यार्थी दगडाला पहिल्यांदा हात कधी लावतो?" पलीकडच्या माणसाला वाटायचं, बाई हौशी दिसतात. तो बिचारा उत्साहानं सांगायचा, "मॅडम, पहिल्याच आठवड्यात! आमच्याकडे सगळा भर प्रात्यक्षिकावर!" वन्सं "आभारी आहे" म्हणायच्या आणि त्या माहितीपत्रकावर लाल पेन्सिलीनं काट मारायच्या. एकानं तर प्रवेशाआधीच शिबिरात छिन्नी हातात देतो म्हणून सांगितलं. त्यांचं माहितीपत्रक रद्दीतही गेलं नाही, थेट बंबात गेलं.

मला पुण्याचं महाविद्यालय पसंत होतं. संगमनेरहून पुणं सरळ रस्त्यावर, शनिवारी एसटीत बसलं की जेवायला घरी. पण पुण्याचं उत्तर 'पहिल्या सत्रातच' असं आलं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही नका लावू हात, मागे उभ्या राहा." वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मी तारेचा ब्रश हातात घेऊनच जन्माला आलेय. मला 'लावू नको' म्हणणारं कुणीतरी पाहिजे." तरी पुण्याचं माहितीपत्रक त्यांनी काट न मारता बाजूला ठेवलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

'हात लावू नको' म्हणणारा माणूस शेवटी सापडला तो थेट दक्षिणेत, दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावर. म्हातारे प्राध्यापक होते, मोडकंतोडकं हिंदी बोलत होते. प्रश्न ऐकून म्हणाले, पहिलं वर्ष नाही. पहिलं वर्ष फक्त बघायचं आणि बघितलेलं काढायचं. दुसऱ्या वर्षी तुमचा हात कसा आहे ते बघून ठरवू. वन्संनी फोन ठेवला आणि त्या दिवशी वर्षभरानंतर त्यांनी मागून भाकरी घेतली. पुढे कॉम्प्युटरवर मुलाखतही झाली.

आता जे सांगणार आहे, ते मी माझ्या लेकीलाही सांगितलेलं नाही. बुधवारी वन्सं बाजारात गेल्या होत्या आणि मोबाईल ओट्यावर राहिला होता. तो वाजला. दक्षिणेतल्या त्या महाविद्यालयाचं ऑफिस. तुमच्या मॅडमची निवड झाली आहे, शनिवारपर्यंत होकार कळवा. मी "बरं" म्हटलं आणि फोन होता तसा ठेवून दिला. वन्सं आल्या, मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, भाजी किती महाग झाली यावर बोलले, आणि मुख्य गोष्ट सांगितलीच नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. स्वतःला समजावत होते की तिकडची भाषा येत नाही, तिकडचं जेवण सोसायचं नाही, गुडघे दुखतात. सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. मला वन्सं घरात हव्या होत्या, एवढंच होतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "वन्सं, बुधवारी फोन आला होता. तुमची निवड झालीये." वन्संनी मान वर केली नाही. "माहितीये. आलेला फोन मोबाईलवर दिसतो गं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

"आणि सांगितलं नसतं तर?"

वन्संनी हातातली जुडी पूर्ण निवडली, काड्या बाजूला केल्या. "तर पुण्याला गेले असते," त्या म्हणाल्या.

मी उठून आत गेले. पाणी प्यायचं निमित्त केलं, पण पाणी काही प्याले नाही.

जुलैत त्या गेल्या. निघताना मी त्यांची ओटी भरली. या घरातून त्यांची पाठवणी कधी झालीच नव्हती, ती माझ्या हातून झाली. चोपन्नाव्या वर्षी हॉस्टेलला चाललेली नणंद पदर पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "तांदूळ कमी घाल, बॅगेत जागा नाही." दर रविवारी फोन यायचा. पोरं त्यांना अम्मा म्हणतात, सांबाराला कंटाळल्यात, एका खांबाचं चित्र सतराव्यांदा काढलं आणि प्राध्यापकांनी अठराव्यांदा काढायला सांगितलं. हे त्या इतक्या आनंदानं सांगायच्या की मला हेवा वाटायचा.

दिवाळीला आल्या. भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, तिसगावला जाऊ. बांधावर पोचल्यावर त्या दगडापासून चार हात लांब बसल्या आणि कागद मांडीवर घेऊन काढत राहिल्या. पुट कुठं जाड आहे, कुठं भेग आहे, पाणी कुठून उतरतं, सगळं बघत होत्या. ऊन अंगावर आलं तरी हलल्या नाहीत. अक्का येऊन माझ्या शेजारी बसल्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "बाई, येवढ्या लांबून आला, पाया तरी पडा की बाबाच्या."

वन्संनी बसल्या जागेवरून हात जोडले. "इथूनच पडते, अक्का. मला अजून हात लावायची परवानगी नाही."

"कुनाची परवानगी?" अक्का उठल्या. "बाबाला हात लावाया कालिजात जावं लागतंय व्हय?" त्यांनी वन्संचं मनगट धरलं, त्यांना ओढत दगडापाशी नेलं आणि त्यांचा तळवा पितळी डोळ्यांच्या खाली, जिथून चेहरा गेला होता तिथं, टेकवला.

तीस वर्षांत मी वन्संना रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी त्या दगडाला हात लावून उभ्या राहिल्या आणि हुंदके देऊन रडल्या. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "रडू नका, बाई," त्या म्हणाल्या. "त्याचं तोंड आमी तरी कुठं बगितलं हुतं? आमच्या सासूनं न्हाई बगितलं, तिच्या सासूनं न्हाई. तुमीच काय ती बगितलं, येक घडीभर."

तिसऱ्या दिवशी मी त्यांना नगर स्टेशनवर गाडीत बसवून आले. शिक्षण संपायला अजून दीड वर्षाच्या वर आहे. कुणी विचारलं तर मी सांगते की सुटले बाई एकदाची, आता कुठल्या देवळातून हाकलून घ्यावं लागत नाही. लोक हसतात, मीही हसते. पण ते खोटं आहे. मला वन्संची फार आठवण येते.