नानांचा एकट्याचा हात

नानांनी माझ्या लग्नाला विरोध केला होता. सगळ्यांसमोर, हात वर करून.

ते नाना आज सकाळी गेले.

स्मशानातून आत्ताच घरी आलेय. खरं सांगू, रडू कमी आणि हसूच जास्त येतंय. म्हणून लिहायला बसले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाना नाशिकरोडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे आणि रविवारी आमचा अभ्यासवर्ग घ्यायचे. विषय लेनिनचा साम्राज्यवादाचा सिद्धांत. साधन म्हणजे शाळेतून मागून आणलेला जगाचा नकाशा.

"फौजा नंतर येतात रे, आधी पैसा येतो," ते म्हणायचे. "बँक आणि कारखाना एका मुठीत आले की त्या मुठीला स्वतःचा देश पुरत नाही."

मग पट्टी लंडनहून निघायची, आफ्रिका फिरायची आणि आमच्या सातपूरच्या एमआयडीसीवर येऊन थांबायची. नकाशात नाशिक नव्हतंच. नानांनी ते पेनाने काढलं होतं.

त्या वर्गात मला मिलिंद भेटला. तो नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीतला. मी सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्याची मुलगी, कॉलेजसाठी नाशकात राहणारी.

आमच्या डाव्या संघटनेत लग्न करायचं तर आधी बैठकीत विषय मांडायचा, अशी पद्धत होती. आज माझी मुलं विचारतात, "आई, सीरियसली?"

सीरियसली. चर्चा झाली, मतदान झालं.

नाना सचिव होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की मिलिंद पूर्णवेळ कार्यकर्ता आहे, मालेगावच्या यंत्रमाग कामगारांत त्याचं काम नुकतं उभं राहतंय. "संसार आला की नोकरी आली. पूर्णवेळचा अर्धवेळ व्हायला वेळ लागत नाही."

विरोधात एकच हात वर. नानांचा. मला त्यांचा असा राग आला होता की विचारू नका.

पण आमचा दुसराही एक नियम होता. बैठकीत हवं तेवढं भांडा. एकदा बहुमताने ठरलं की तो निर्णय सगळ्यांचा. आपलं वेगळं मत दाराबाहेर न्यायचं नाही.

पुढचा मुद्दा आला, मुलीच्या वडिलांशी बोलणार कोण?

सचिव.

नाना मला घेऊन एसटीने सटाण्याला आले. काखेत नकाशाची गुंडाळी, कारण संध्याकाळी मालेगावात वर्ग होता. मुलीचं लग्न ठरवायला माणूस जगाचा नकाशा घेऊन आलेला सटाण्यात तोवर कुणी पाहिला नसावा.

वडिलांनी विचारलं, हे काय? झालं. नानांनी नकाशा ओट्यावर पसरला आणि सुरुवात केली. भांडवलाची निर्यात, मक्तेदारी, जगाची वाटणी. कांदा परदेशी जातो तेव्हा भाव कोण ठरवतं, इथपर्यंत आले. लग्नाचा विषय पार विसरले. मी दारात उभी.

वडील अहिराणीत म्हणाले, "म्हंजे मी बी साम्राज्यवादी शे का?"

"छे हो, तुम्ही लहान व्यापारी. मोठी कंपनी कांद्यात उतरली की तुमचंही काही खरं नाही."

होणाऱ्या व्याह्यांच्या वतीने आलेला माणूस हे बोलतोय.

आतून आई म्हणाली, "च्या थंडा व्हई ऱ्हायना."

चहा पिताना नानांना एकदाचं लग्न आठवलं. त्यांनी मिलिंदचं नाव, वस्ती, काम, काही न लपवता सांगितलं. वडिलांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी नेमकं नको तेच विचारलं.

"तुमले सोताले हाई लगीन पटस का?"

नानांना स्वतःला हे लग्न पटतं का! नाना खोटं बोलत नसत. आणि खरं बोलले तर सगळं तिथेच संपत होतं.

नाना म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. त्या सगळ्यांत मी आहे. पोरीला काही कमी पडलं तर मला विचारा."

वडिलांनी त्या दिवशी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पण रजिस्टर लग्नाला आले, एकटेच. आईला यायला नातू व्हावा लागला.

पुढे एकदा वडीलच त्यांच्या अहिराणीत म्हणाले, त्याचा अर्थ असा: "त्या मास्तरला हे लग्न पटलेलं नव्हतं, मला तेव्हाच कळलं होतं. न पटलेल्या गोष्टीसाठी माणूस एवढ्या लांब येतो आणि पोरीची हमी घेतो. म्हटलं, अशी माणसं पाठीशी असली तर जाऊ दे."

नानांचं भाकीत मात्र खरं ठरलं. मुलगा झाला आणि मिलिंद सातपूरला कारखान्यात लागला. युनियन केली, पण मालेगाव सुटलं ते सुटलंच.

"मी सांगितलं होतं," हे वाक्य नानांनी कधी उच्चारलं नाही. उलट वर्ग आमच्या स्वयंपाकघरात हलवला, म्हणजे बाळाला घेऊन मलाही बसता येईल. ऐंशीच्या दशकातले माझे सगळे रविवार कुकरच्या शिट्ट्या आणि वित्त भांडवल यात गेले. फार सुखाचे होते.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये विचारलं, "नाना, आता तरी सांगा. तुमचंच बरोबर होतं ना?"

डोळे मिटूनच म्हणाले, "मी अल्पमतात होतो. विषय संपला. मिलिंदने औषध घेतलं का?"

नाना, तुमच्या जाण्याला माझा विरोध आहे. तो नोंदवून घ्या.

पण आता ठरलंच आहे, तर बाहेर कुणाकडे तक्रार करणार नाही.

लाल सलाम, नाना.