पेट्रोलचा वास

इंग्रजांच्या अमदानीत मी नागपुरात सीताबर्डीवरच्या एका थेटरात खेळाला वीज देणारा डायनामो चालवत असे. त्याचं पेट्रोलचं इंजिन मागच्या पत्र्याच्या खोलीत होतं. थेटर झाडणारी बाई रोज दुपारच्या खेळाआधी तिथून जायची.

एका दुपारी ती दारातच थांबली. "मिस्त्री, आज वास जास्त येऊन राहिला जी."

"मग इंजिनाला अत्तराचा वास येईल का बाई?" मी म्हणालो. तिथंच उभा असलेला थेटरचा डोअरकीपर हसला. मलाही बरं वाटलं.

खरं तर तो वास मला दोन दिवसांपासून येत होता. टाकी भरताना सांडलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

खेळ सुरू झाल्यावर ती पुन्हा आली. मी उंबऱ्यावर बिडी ओढत होतो. तिनं ती माझ्या हातातून ओढून पाण्याच्या बादलीत बुडवली.

"खाली पाहा ना! जमीन ओली काहून आहे?"

टाकीखालची माती काळी पडली होती. इंजिन बंद केलं, टाकीचा कॉक फिरवून पेट्रोल तोडलं, दार-खिडकी सताड उघडली. इंजिन निवल्यावर नळी फडक्यानं कोरडी केली, कॉक जरासा सोडला आणि पाहत राहिलो. टाकीला नळी डाग देऊन, म्हणजे झाळून, जोडली होती; त्या डागात केसाएवढी चीर होती. थेंब तिथून येत होता.

आत प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. मॅनेजर धावत आले.

"वेळेवर ध्यानात आलं तुमच्या. वाचवलंत!" त्यांनी माझी पाठ थोपटली.

ती बाई तिथंच ओल्या मातीवर रेती टाकत होती. मी फडक्यानं हात पुसत राहिलो.

घरी बायकोला सांगतानाही मी त्या बाईला वगळलं. बायकोचा चेहरा अभिमानानं फुलला, तेव्हा मात्र मला तिच्याकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईला गाठलं. "काल साहेबांना तुमचं सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

तिचा झाडू थांबला नाही. "माह्यं राहू द्या जी. ते नळी नीट केली का?"

केली नव्हती. चिरेवर साबण दाबून, वर चिंधी बांधून मी संध्याकाळचा खेळ काढला होता. तिच्यासमोर मान वर करायची सोय उरली नाही. तसाच मॅनेजरांच्या खोलीत गेलो. कालचं सगळं सांगितलं, आणि डाग नवा बसेपर्यंत खेळ होणार नाही, हेही.