थोरलीचा हात

प्रयोगशाळेत दोघी जावा एकाच टेबलाशी काम करत, म्हणून सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत.

मर रोगाने केळीच्या बागा उभ्या वाळत होत्या. अशाच एका मेलेल्या बागेत एक झाड तेवढं हिरवंगार सापडलं. त्याचे कोंब काचेच्या बाटल्यांत, जेलीसारख्या खाद्यावर वाढवायचे, कापून एकाचे अनेक करायचे, म्हणजे रोगाला दाद न देणारी रोपं मिळतील, असं प्रयोगशाळेच्या मॅडमचं संशोधन चाललं होतं. मूळ झाड पुढे वादळात गेलं. उरलं ते बाटल्यांत.

कापायचं काम थोरलीचं. धाकटीलाही तिनेच शिकवलेलं. "वहिनी आमटीत मीठ विसरेल, पण जंतू मारायला चिमटा दिव्यावर धरायला विसरणार नाही," असं धाकटीचा नवरा चिडवायचा. स्वतःचा नवरा गेल्यापासून थोरली या दीर-जावेजवळच राहत होती. तिला मूलबाळ नव्हतं.

मग तिच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंचा आजार आहे, वाढत जाईल.

"मॅडमना सांगू नकोस गं," दवाखान्यातून परतताना ती धाकटीला म्हणाली. "तुम्ही सगळे बाहेर. मी घरी बसून भिंतींशी बोलू?"

धाकटीने तोंडाला कुलूप लावलं. मॅडम जेवायला गेल्या की ती थोरलीच्या वाटणीच्या बाटल्या उरकायची.

एकदा धाकटीची मुलगी तापाने फणफणली, म्हणून ती घरी राहिली. इकडे बाटल्यांतलं खाद्य संपून कोंब पिवळे पडू लागले होते. थांबायची सोय नव्हती. थोरलीने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि सगळे कोंब एकटीने कापले.

हात बाटल्यांच्या तोंडांना लागलाच असणार; आठवडाभरात बाटल्यांत कापसासारखी पांढरी बुरशी चढली. एकही वाचली नाही.

"कोणाच्या हातून झालं?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या," धाकटी म्हणाली.

"खोटं बोलतेय ती. त्या दिवशी ती इथे नव्हतीच." थोरलीने थरथरणारा हात टेबलावर ठेवला. "हा बघा."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या, चष्मा काढला. "आधी का नाही सांगितलंत हो? हे काम नसतं दिलं, दुसरं दिलं असतं."

बुरशी आलेल्या बाटल्या उकळून टाकाव्या लागतात. त्यांचा ट्रे उचलायला थोरली पुढे झाली, पण बाटल्या एकमेकींवर खणखणू लागल्या, तेव्हा धाकटीने तो अलगद काढून घेतला.

थोरली पुन्हा कामावर गेली नाही. मॅडम मेलेल्या बागांतून तसं एखादं झाड शोधत हिंडतात. सुरुवातीला धाकटी दारात चप्पल काढतेय तोच थोरली विचारायची, "सापडलं का गं?"

"शोधताहेत."

सकाळी धाकटी तिच्या ब्लाउजची हुकं लावून देते, केस विंचरते. हल्ली थोरली विचारत नाही. धाकटीच आपणहून सांगते, "अजून शोधताहेत हं, ताई." थोरलीची मान हलते. ती होकाराने हलते की आजाराने, हे आता धाकटीलाही कळत नाही.